तासाभराचं काम

दादाने बुधवारी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘रविवारी दहा वाजता नेरुळला भेटू. तासाभराचं काम आहे.’

काम म्हणजे बाबा. तसं कुणी लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बाबाही त्याच ग्रुपवर होते. त्यांनी खाली अंगठा टाकला होता.

आई दिवाळीच्या आधी गेली. संक्रांत होईपर्यंत दादा काही बोलला नाही. मग एकदा फोनवर त्याने मला त्याचं म्हणणं सांगितलं. बाबांनी आता खारघरला, त्याच्या घरी यायचं. नेरुळचं घर काही दिवस बंद ठेवायचं, पुढचं पुढे बघू. आमच्या घरात ‘पुढचं पुढे बघू’ याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे. उरणजवळ मोऱ्याला आमचं जुनं घर होतं, त्यालाही बाबांनी असंच काही दिवसांसाठी कुलूप लावलं होतं. त्या कुलपाची किल्ली आता कुणाकडे आहे हेही कुणाला सांगता येत नाही.

मी घणसोलीहून निघाले तेव्हा पिशवीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. जेवायच्या आत परत यायचं आणि दुपारी तो संपवायचा असं ठरवलं होतं. दादाला साडेअकराला ऑफिसचा कॉल होता, रविवार असला तरी. वैदेही वहिनीला बारा वाजता वाशीहून त्यांच्या मुलाला, पार्थला, क्लासमधून घ्यायचं होतं. जयमाला आत्या उरणहून येणार होती आणि बाराच्या गाडीने परतणार होती, कारण काकांना इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर जेवायला लागतं. प्रत्येकाने आपली जायची वेळ येण्याआधीच कळवून ठेवली होती.

दार बाबांनी उघडलं. खांद्यावर पंचा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी चपला काढायला वाकले आणि तशीच थांबले. घरात वास होता. मोड आलेल्या वालांचा, ओलसर, किंचित उग्र. तो वास या घरात पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं.

हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली होती. त्यावर मोठी परात, गरम पाण्याचं पातेलं आणि चाळणीत ठेवलेली तीन ओली गाठोडी. फडकी आईच्या जुन्या सुती साडीची होती. चॉकलेटी रंग, बारीक पिवळा काठ. ती साडी तिने फाडली तेव्हा मी पाहिलं होतं.

“बिरडं करू म्हटलं,” बाबा म्हणाले. “सगळे येताय तर.”

माझ्या मागोमाग दादा आणि वहिनी आले. दादाच्या हातात गाडीची किल्ली तशीच होती. त्याने गाठोड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वहिनीकडे. एक गाठोडं सोडून पाहिलं. आत दाटीवाटीने बसलेले टपोरे वाल, प्रत्येकाला नखाएवढा मोड.

“बाबा, आपण पाच माणसं,” तो म्हणाला. “हे लग्नाचं झालं.”

बाबा मांडी घालून परातीशी बसले.

दादाच्या त्या नजरेचा अर्थ मला कळला. मागच्या महिन्यात बाबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि खाली पेपर आणायला गेले, पातेलं जळलं. सोसायटीच्या मीटिंगची तारीख विसरले. एका सकाळी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. दादा हे सगळं मनात एकावर एक रचत होता आणि आता वर ही तीन गाठोडी आली होती. बाबा या घरात राहणार की नाही हे त्या दिवशी ठरायचं होतं, आणि बैठक सुरू होण्याआधीच बाबांच्या विरुद्धचा पुरावा हॉलच्या मध्यभागी मांडून ठेवलेला होता. तोही बाबांनी स्वतः.

तेवढ्यात आत्या आली. तिने गाठोडी पाहिली, पदर खोचला आणि बाबांच्या समोर बसली.

“अगो, उभ्या काय राहिलात? बोलायचं तोंडाने आहे. हात कशाला रिकामे ठेवायचे?”

ज्यांनी कधी वाल सोलले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं की हे काम पुढे ढकलता येत नाही. आदल्या दिवसाच्या आदल्या रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, आणि मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. चिमटीत धरून दाबलं की पांढरी डाळिंबी टुणकन बाहेर येते आणि साल बोटांत राहतं. एका वालाला काही वेळ लागत नाही. पण वाल एक नसतो. आणि एकदा मोड आले की ते थांबत नाहीत, लांब झाले की चव जाते.

मी आणि वहिनी खाली बसलो. दादा सोफ्यावर बसला, हातात फोन. त्याने बोलायला सुरुवात केली. ते त्याने नीट तयार करून आणलं होतं हे दिसत होतं. खारघरच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत, इथे जिने चढावे लागतात. तिथे कॉम्प्लेक्समध्येच डॉक्टर आहे. खाली बाग आहे, बाबांच्या वयाचे लोक सकाळी तिथे हसायच्या व्यायामाला जमतात. बाबांसाठी पूर्वेकडची खोली आहे, सकाळचं ऊन येतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दादा मुळात खोटं बोलणारा माणूस नाही.

बाबा सोलत होते. त्यांची बोटं सराईतपणे चालत होती. मी मध्येच त्यांच्याकडे पाहत राहिले, कारण मला आठवत होतं त्याप्रमाणे बाबांनी आयुष्यात कधी वालाला हात लावला नव्हता. ते बंदरात तीन पाळ्यांत नोकरी करणारे. घरी असले तर झोपलेले. हे ते कधी शिकले?

“भाऊ, आशू चुकीचं बोलत नाही,” आत्या दादाकडे मान करून म्हणाली.

आत्या दादाच्या बाजूने का होती ते तिने मला नंतर सांगितलं. आई गेल्यापासून ती रोज सकाळी सातला बाबांना फोन करते. एका सकाळी बाबांनी तो उचलला नाही. ती दहा वेळा लावत राहिली, मग काकांना न सांगताच घराबाहेर पडली आणि उरण स्टेशनपर्यंत आली. गाडीत चढणार तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते नुसते चालायला गेले होते. आत्या म्हणाली, “मला भाऊ कुठे राहतो याचं काही नाही गं. मला फोन उचलणारं कुणीतरी हवं.”

“दूध जळलं ते ठीक आहे,” दादा म्हणत होता. “कुणाचंही जळतं. पण आता हे बघा. पाच माणसांना तीन गाठोडी. बाबा, तुम्हाला अंदाज राहिलेला नाही.”

बाबांची बोटं थांबली. ते दादाकडे बघतील असं मला वाटलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“अस्मिता, थोडं कढत पाणी आण. हे निवलं.”

मी स्वयंपाकघरात गेले. पाणी ठेवलं आणि ओट्याखालचा उंच डबा बाहेर ओढला. दर उन्हाळ्यात आई पेणहून वर्षाचे वाल आणायची, गच्चीत वाळवायची आणि कडुलिंबाचा पाला घालून या डब्यात भरायची. मागच्या उन्हाळ्यातही भरले होते. म्हणजे बाहेर आम्ही सोलत होतो ते वाल तिने निवडलेले होते. आता डबा रिकामा असणार असं धरून मी झाकण काढलं.

डबा रिकामा नव्हता. निम्म्याच्या जरा वर वाल होते, वरचा भाग हाताने सपाट केलेला. पाला बाजूला सारून पुन्हा नीट वर पसरलेला. आणि मापाला आई वापरायची ती पितळी वाटी पाल्यावर उपडी घातलेली.

मी पाणी उकळेपर्यंत तिथेच बसून राहिले. ज्याचा अंदाज चुकतो तो डबा संपवतो. निम्मा राखून, पाला पसरून, वाटी जागेवर ठेवत नाही. शिवाय वाल काही सकाळी उठून भिजवता येत नाहीत. बाबांनी ते शुक्रवारी रात्री घातले असणार, शनिवारी उपसले असणार. बुधवारी दादाचा निरोप आला होता.

हे बाहेर जाऊन सांगावं असं पहिल्यांदा वाटलं. मग लक्षात आलं की सांगितलं तर दादा लगेच विचारणार, मग एवढे भिजवले कशाला? त्याला एकच उत्तर होतं. आम्ही थांबावं म्हणून. आणि ते ऐकल्यावर दादा म्हणणार, बघा, इथे त्यांना एकटेपणा खातो, म्हणूनच खारघर. विसरले म्हटलं तरी बाबांना घर सोडावं लागत होतं, आठवणीने केलं म्हटलं तरीही. म्हणून बाबा गप्प होते.

मी झाकण लावलं आणि पाणी घेऊन बाहेर आले. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि परातीकडे नजर वळवली.

बाहेर तोवर विषय बदलला होता. दादा फोनवर काहीतरी वाचत होता आणि आत्या वहिनीला सांगत होती की बिरड्यात जिरं-खोबरं किती घालायचं. वहिनी साताऱ्याकडची, तिच्या माहेरी वाल करत नाहीत, हे आत्याला पंधरा वर्षांनंतरही पुरतं पटलेलं नाही.

“आईंनीच शिकवलं मला,” वहिनी म्हणाली. “सगळं. त्यांच्यासारखं मात्र होत नाही.”

“कसं होईल? ती चव बघूनच करायची नाही,” आत्या म्हणाली. “मालतीवहिनीने जन्मात बिरडं खाल्लं नाही.”

आम्ही तिघांनी वर पाहिलं. दादानेसुद्धा.

“म्हणजे?” मी विचारलं.

“तिला पित्त व्हायचं वालाने. लग्न होऊन आली, पहिल्याच श्रावणात आमच्या आईने वाढलं आणि रात्रभर ओकत होती. मग कुणी विचारलं की म्हणायची, मागून घेते. सासूला वाईट वाटायला नको. आमची आई गेली तरी तिने तेच चालू ठेवलं.”

मी आठवायला लागले. आई बिरडं खाताना. वाढताना दिसत होती, पातेलं पुसताना दिसत होती, कुणाच्या तरी ताटात वरून नारळ भुरभुरताना दिसत होती. ‘तुम्ही बसा, मी मागून घेते.’ ते वाक्य तर आमच्या भिंतींनाही पाठ असेल. पण घास घेताना ती काही केल्या दिसेना. आपल्या आईला काय आवडत नव्हतं, हे मला ती गेल्यावर चार महिन्यांनी कळत होतं. मला रडू आलं नाही. मला जाणून घ्यायचं होतं.

“मग ती इतक्या वेळा वाल भिजवायची कशाला?” मी म्हणाले. “आपल्याकडे महिन्यातून दोनदा तरी असायचे.”

मग वहिनी बोलायला लागली, परातीत बघतच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ती बँकेत नवीन होती. आठवडाभर दमायची. आणि रविवारी सासूचा फोन यायचा, ‘वैदेही, वाल भिजलेत, जरा येतेस?’ त्या वेळी तिला राग यायचा. तिने माहेरी सांगितलंही होतं की सुट्टीच्या दिवशीही कामाला जुंपतात. त्याच वर्षी तिचे वडील आजारी होते. ते तिने सासरी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही थोडंच सांगितलं होतं. एका रविवारी समोरासमोर बसून सोलता सोलता आईने, मान वर न करता, विचारलं, ‘तुझे बाबा आता जेवतात का गं?’

“मी त्या दिवशी दोन तास बोलले,” वहिनी म्हणाली. “त्या फक्त सोलत होत्या. संपत आले की आतून आणखी आणायच्या.”

आत्याने सांगितलं की एकदा सासरी भांडून ती बोचकं घेऊन इथे आली होती. तेव्हा दारातच मालतीवहिनी म्हणाली होती, ‘बरं झालं आलात, वाल पडलेत तसेच.’ आत्या त्या संध्याकाळी परत गेली होती. जाताना डाळिंब्यांचा डबाही नेला होता, त्यामुळे सासूला वाटलं की ही माहेरी बिरड्यासाठीच गेली होती.

मला माझे दोन-तीन रविवार आठवले. ते मी सांगितले नाहीत.

दादा केव्हा सोफ्यावरून खाली आला ते मी पाहिलं नाही. तो परातीशी बसला होता आणि त्याने मूठभर वाल पुढ्यात ओढले होते. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी नापास झाला होता ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तो कॉलेजमधून घरी न येता कुठे कुठे फिरत राहिला, अंधार पडल्यावर आला, हेही ठाऊक आहे. आईने काय केलं ते आज त्याच्याकडून कळलं. तिने त्याला पाट दिला आणि म्हणाली, ‘ये, हे संपवू.’ निकालाचं नावही काढलं नाही. अर्धी परात झाल्यावर त्यानेच काढलं.

“पुढच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीही भिजवलेले होते,” दादा म्हणाला. “तेव्हा मात्र मी ओरडलो तिच्यावर.”

त्याचा फोन वाजला. साडेअकराचा कॉल. फोन सोफ्यावर होता, हाताच्या अंतरावर. दादाने बोट लावलं, पण बोटं वालाच्या पाण्याने बुळबुळीत झालेली, स्क्रीनला काही कळेना. त्याने शर्टाला बोट पुसलं, पुन्हा लावलं. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. दादा त्याच्याकडे बघत राहिला.

“दहा मिनिटांनी करतो,” तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला आणि पुढचा वाल उचलला.

“मलाही बसवायची,” बाबा म्हणाले.

आम्ही सोलायला बसल्यापासून, पाणी मागण्याखेरीज, ते पहिल्यांदाच आपणहून बोलले.

“रात्रपाळी करून यायचो. तुम्ही दोघं शाळेत. मला डोळे उघडे ठेवता यायचे नाहीत. ती म्हणायची, झोपायच्या आधी मूठभर सोलून द्या.” ते थांबले. “मूठभर कधी नसायचे.”

म्हणजे ज्या सकाळी आम्ही शाळेत असायचो आणि ज्या बाबांना आम्ही कायम झोपलेले म्हणून ओळखत होतो, ते बाबा इथे, याच फरशीवर, आईसमोर बसलेले असायचे. त्या घराची मला काहीच कल्पना नव्हती. ते दोघं काय बोलत असतील? बाबा बोलत असतील का?

“तिला ठाऊक होतं का बाबा, ती हे मुद्दाम करतेय?” मी विचारलं.

“ते मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “वाल सोलताना बाकी सगळं विचारलं.”

दुसरं गाठोडं सुटलं. बाराची गाडी गेली असणार. आत्याने घड्याळाकडे पाहिलं आणि काकांना फोन लावून मला कानाशी धरायला सांगितला. भात कुकरमध्ये आहे, आमटी गरम करून घ्या, आधी इन्सुलिन, मग बरोबर अर्ध्या तासाने जेवण. वहिनीने तशाच पद्धतीने पार्थला निरोप दिला की बस पकडून नेरुळला ये, इथेच जेवायचंय.

आणि मग तिने दादाला विचारलं, “खारघरला दिवसभर घरी कोण असतं?”

तिने ते भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. तिने मला नंतर सांगितलं की येताना गाडीत त्यांचं ठरलं होतं, दादा बोलेल आणि ती हो म्हणेल. खोलीचे पडदेही तिने निवडून ठेवले होते. पण परातीत हात घालून बसल्यावर तिने पहिल्यांदाच आपल्या घराचा एक साधा मंगळवार डोळ्यांपुढे आणला. ती आठला निघते, दादा साडेआठला, पार्थ संध्याकाळशिवाय येत नाही. पूर्वेकडच्या खोलीतलं ऊन दहापर्यंत असतं, पुढे नाही.

“इथे बाबा एकटे आहेत हे खालच्या किराणावाल्यालाही माहीत आहे,” ती म्हणाली. “तिथे ते एकटे आहेत हे कुणालाच कळणार नाही. सगळे म्हणतील मुलाकडे आहेत.”

आत्या म्हणाली, मग सकाळचा फोन? त्याचं काय? पण तिच्या आवाजात मघाचा ठामपणा उरला नव्हता.

दादाच्या मनात तेव्हा काय होतं ते त्याने काही दिवसांनी सांगितलं, अर्धवट, गाडी चालवता चालवता. आई गेल्यापासून तो या घरात बसला नव्हता. दर आठवड्याला बाबांची औषधं घेऊन यायचा, दारातूनच द्यायचा, खाली गाडी चुकीची लावलीय असं म्हणायचा आणि जायचा. गाडी कधीच चुकीची लावलेली नसायची. बाबा खारघरला आले असते तर हे दार उघडावं लागलं नसतं. हे त्याला स्वतःलाही परातीशी बसेपर्यंत कळलं नव्हतं.

पण त्या दुपारी तो हे बोलला नाही. त्याने हातातला वाल सोलला, डाळिंबी पाण्यात टाकली आणि विचारलं,

“बाबा, एक सांगा. हे चुकून झालं की मुद्दाम?”

मी बाबांकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरातला डबा माझ्या डोळ्यांपुढे होता. ते चुकून म्हणाले तर मी काय करणार होते, मला ठरवता येत नव्हतं.

बाबांनी पातेल्यात बोटं खळबळून घेतली. पंच्याला पुसली. एकेक बोट, सावकाश.

“वाल किती भिजवायचे ते मला कळतं,” ते म्हणाले. “तू लिहिलं होतंस, तासाभराचं काम आहे. एका तासात पाच माणसांकडून किती सोलून होतात तेही कळतं. म्हणून जास्त भिजवले.”



“म्हणजे तुम्हाला इथे एकटं वाटतं,” दादा म्हणाला. तो हेच म्हणणार होता. पण मला वाटलं होतं तसा जिंकल्यासारखा नाही म्हणाला.

“वाटतं,” बाबा म्हणाले. “तिथेही वाटेल. इथे निदान वाल कुठे ठेवलेत ते ठाऊक आहे.”

आत्याने पदराने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली की सालाचं पाणी उडालं. मग ती उठली, दुसऱ्या गाठोड्यातल्या डाळिंब्या धुऊन घेतल्या आणि आता फोडणीला टाकल्या नाहीत तर संध्याकाळीच जेवाल असं सांगून आत गेली. वहिनी नारळ फोडायला गेली. मी आमसुलं शोधत होते तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले.

“वरच्या फळीवर, डावीकडे,” ते म्हणाले. मग हळूच, “डबा बघितलास ना?”

“हो.”

“पाला बदलायला झालाय,” ते म्हणाले आणि बाहेर गेले.

जेवायला दोन वाजून गेले. पार्थ आला होता आणि एवढी माणसं जमिनीवर बसून का जेवतायत असं त्याने विचारलं. परात उचलायचा कुणाला उत्साह नव्हता, म्हणून आम्ही तिच्याभोवतीच पानं घेतली होती. मी सगळ्यांना वाढलं आणि पातेलं हातात घेऊन उभी राहिले. वहिनीने सरकून जागा केली. तुम्ही सुरू करा, मी मागून, एवढं माझ्या तोंडून निघालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बसले.

बिरडं आईसारखं झालं नव्हतं. आत्याने गूळ जास्त घातला होता. बाबांनी दोनदा घेतलं.

भात कालवता कालवता दादा म्हणाला, “आत्या, सकाळचा फोन मी करत जाईन बाबांना. सात वाजता. उचलला नाही तर मी अर्ध्या तासात इथे येऊ शकतो, तू उरणहून नाही. मी तुला कळवीन.”

“रोज?”

“रोज.”

म्हणजे बाबा इथेच राहणार होते. एवढ्यावरच ते ठरलं. खारघरचं नाव कुणी काढलं नाही, आणि पूर्वेकडच्या खोलीसाठी निवडलेले पडदे वहिनीने पार्थच्या खोलीला लावले असं मला नंतर दिसलं.

उन्हं उतरल्यावर सगळे निघाले. आत्याच्या पिशवीत डाळिंब्यांचा डबा होता. माझ्या पिशवीतला गठ्ठा मी तसाच परत नेत होते, त्यातली एकही उत्तरपत्रिका उघडली नव्हती. बाबांनी वर्तमानपत्रं गोळा केली, सालं एका पिशवीत भरली. चाळणीत तिसरं गाठोडं शिल्लक होतं. त्याची गाठ कुणी सोडलीच नव्हती.

दादाने बूट घातले. किल्ली हातात घेतली. मग दारातूनच त्याने मागे पाहिलं.

“हे राहतील उद्यापर्यंत?”

“पाणी बदललं तर राहतील,” बाबा म्हणाले. “परवा नाही.”

“मग सकाळी येतो. ऑफिसला जायच्या आधी. तासभर.”

बाबांनी गाठोडं उचललं, तळहातावर तोलून पाहिलं. फडक्यातून पाणी त्यांच्या मनगटावर ओघळलं.

“तासाभराचं नाही हे,” ते म्हणाले.

दादा किल्लीशी चाळा करत थोडा वेळ उभा राहिला.

“बरं,” तो म्हणाला.